दुर्मीळ आजार आणि नवे संशोधक घडविण्याचा प्रश्न

(विहाराच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



ह्या वेळी आरोग्यावर बोला, असे कार्यकारिणीने आम्हाला सांगितले. आम्ही म्हटले, आम्ही गिरणीतली माणसं. शाळा दहावीपर्यंत, पुढचे शिक्षण वाचनालयात बसून आणि शहाण्या माणसांना प्रश्न विचारून विचारून. डॉक्टरकीतले आम्हाला काय कळणार? पण सेक्रेटरी म्हणाले, तुमच्या घरात जे घडले ते सांगा, तेवढे पुरे. म्हणून उभे राहिलो. भाषणातला वैद्यकाचा भाग आम्ही आपल्याच गल्लीतल्या एका मुलीला वाचून दाखविला आहे. तिने दोन ठिकाणी चुका काढल्या, त्या दुरुस्त केल्या. ह्या मुलीविषयी पुढे बोलणारच आहोत.

आमची थोरली बहीण, आक्का. तिला पहिल्या दोन मुली. मग १९८४ साली मुलगा झाला. पेढे वाटले, बारसे झाले. तिसऱ्या महिन्यापासून पोराचे दुखणे सुरू झाले. तोंड आलेले, आतून पांढरे पांढरे, ते जाईचना. जुलाब थांबेनात. दंडावर बीसीजीची सुई दिलेली ती जागा चिघळली आणि काखेत गाठ आली. आम्ही तेव्हा बारा वर्षांचे होतो. त्याला खांद्यावर घेऊन आम्ही बाहेरच्या ओटीवर फिरवीत असू, तेव्हा त्याचे वजन लागत नसे. एका मोठ्या इस्पितळात न्यूमोनिया सांगितला, मग टीबी सांगितला. आठव्या महिन्यात पोर गेले. १९८७ साली दुसरा मुलगा झाला. तोही तसाच, त्याच क्रमाने, सातव्या महिन्यात गेला.

त्यानंतर आक्काचे जे झाले ते इथे बसलेल्या बायकांना सांगायला नको. सासरचे म्हणाले, हिची कूसच खराब, मुलगे खाते. कुणी म्हणाले करणी आहे, देवऋषी गाठला, कोंबडा-नारळ झाला. मंडळी, आम्ही दीक्षा घेतलेली माणसं, घरात बाबासाहेबांचा फोटो, आणि तरी पोर मरायला लागले की आमच्या पायाखालची वाट देवऋषीकडे जाते. आम्ही कुणाला नावे ठेवण्यासाठी हे सांगत नाही. डॉक्टरकडे उत्तर नव्हते, म्हणून ती वाट धरली.

आता २०१३ साल. आक्काच्या धाकट्या मुलीला, म्हणजे आमच्या भाचीला, मुलगा झाला. तिसऱ्या महिन्यात तोंड आले. आक्काने नातवाच्या तोंडात बोट घालून पाहिले आणि ती मटकन खाली बसली. काही बोलली नाही. पोराला इस्पितळात नेले, तिथे एका डॉक्टरांना शंका आली आणि त्यांनी रक्त संशोधन संस्थेत पाठविले. दुसऱ्या दिवशी वॉर्डात एक बारीकशी मुलगी आली, हातात वही-पेन्सिल. आम्हाला वाटले नर्सिंगला असेल. ती पीएचडी करणारी संशोधक होती.

तिने आक्काला विचारले, "आजी, तुम्हाला मुलं किती?" आक्का म्हणाली, "दोन मुली." मुलीने लिहून घेतले. थोडी थांबली. मग पुन्हा विचारले, "आजी, तुमची बाळंतपणं किती झाली?"

आक्का म्हणाली, "चार."

एवढ्या वर्षांत हा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता. आपल्या बायका जिवंत लेकरांचाच हिशेब सांगतात, गेलेल्यांचा मनात ठेवतात. मुलीने पेन्सिलीने कागदावर दोन चौकोन काढले आणि प्रत्येकावर तिरकी रेघ मारली. म्हणजे मुलगे, आणि वारलेले. गोल म्हणजे मुली. खाली भाचीचा गोल, त्याखाली नातवाचा काळा चौकोन. मग तिने विचारले, आक्काच्या आईला मुलगे गेलेले आहेत का? आमच्या आईचे एक मूल आमच्या आधी गेलेले होते, हे आम्हाला त्या दिवशी कळले. मामा, आजीचा भाऊ, मावशीची मुले, असे करत कागद भरला. कागदाकडे पाहून आमच्यासारख्या अडाण्यालाही दिसले की मरतात ते मुलगेच, आणि नाते चालते ते बायकांच्या बाजूने.

ह्या आजाराचे नाव लांबलचक आहे, सिव्हिअर कम्बाइंड इम्युनोडेफिशियन्सी. तिथली माणसे त्याला नुसते 'स्किड' म्हणतात. जन्मतःच बाळाची प्रतिकारशक्ती उभीच राहत नाही. आपल्या रक्तात लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी असतात, त्या रोगजंतूंना ओळखतात. एका पेशीने दुसरीला निरोप द्यायचा असतो, आणि तो निरोप ऐकणारा कान ज्या जीनच्या नकाशावरून बनतो, त्या नकाशातच चूक. कान नाही, निरोप नाही, म्हणून पेशी वाढत नाहीत. हा नकाशा एक्स गुणसूत्रावर असतो. बाईकडे एक्स दोन, एक बिघडला तरी दुसऱ्यावर निभावते. पुरुषाकडे एकच. म्हणून आई ठणठणीत आणि मुलगा मरतो. अशा आईच्या प्रत्येक मुलाला निम्मी शक्यता आजाराची, आणि प्रत्येक मुलीला निम्मी शक्यता आईसारखी वाहक होण्याची.

आम्ही विणकाम खात्यात, लूमवर. डॉबीच्या पट्ट्यांत लाकडी खुंट्या बसवलेल्या असतात. कोणती खुंटी कुठे, त्यावरून ताण्याचे कोणते धागे कधी उचलले जायचे ते ठरते. एक खुंटी पडली की थानभर तोच दोष ठरावीक अंतराने येत राहतो. सूत चांगले, विणणारा सावध, तरी दोष. आमच्याकडे असे थान निघाले की आधी विणणाऱ्याला दंड होई, आणि पट्टी कुणी बघत नसे. आक्काला तीस वर्षे तो दंड झाला.

हा जीन जगात सापडला १९९३ साली. म्हणजे आक्काचे मुलगे गेले तेव्हा जगातल्या कुठल्याच डॉक्टरला तो सांगता आला नसता. परंतु आजार ओळखता आला असता, हेही खरे आहे. ह्या बाळांत अस्थिमज्जेचे रोपण करून मूल जगविण्याचे काम अमेरिकेत मिनेसोटा येथे डॉ. रॉबर्ट गुड ह्यांनी १९६८ सालीच करून दाखविले होते. आणि ओळखायला जे लागते ते तर आपल्या साध्या रक्ततपासणीच्या कागदावर छापलेले असते. युवक मित्रांनो, हे लिहून घ्या. सीबीसीच्या रिपोर्टवर एकूण पांढऱ्या पेशींचा आकडा असतो आणि लिम्फोसाइटची टक्केवारी असते. दोघांचा गुणाकार करायचा. समजा पेशी ६,०००, आणि लिम्फोसाइट १५ टक्के, तर झाले ९००. मोठ्या माणसात हा आकडा कमी असला तर त्याची कारणे अनेक. पण तान्ह्या बाळात लिम्फोसाइट भरपूर असायला हवेत. ३,००० च्या खाली आकडा दिसला तर डॉक्टरांनी थांबून विचार करायला पाहिजे. आमच्या भाचीच्या मुलाचा असा कागद त्याआधी दोन ठिकाणी झाला होता. दोन्हीकडे आकडा छापलेला होता. कुणी गुणाकार केला नव्हता.

आता मूळ विषय. औषध आहे, यंत्र आहे, कागद आहे. तरी पोर वाचत नाही, कारण त्या कागदाकडे बघायला शिकलेले माणूस जागेवर नाही. ते माणूस तयार कसे होते? हे आम्ही आपल्या गल्लीतल्या मुलीकडून शिकलो. २०१३ साली ती दहावीत होती. भाचीच्या घरासमोरच राहते, सगळे डोळ्यांनी पाहिलेले. बारावी, बी.एस्सी., एम.एस्सी. झाली, नेट दिली, आणि आता ह्याच विषयात तिची पीएचडी पूर्ण होत आली आहे. तिचे नाव घेऊ नका असे तिने बजावले आहे, म्हणून घेत नाही. ती आज आलीही नाही. प्रयोगशाळेत एका बाळाचे रक्त आले आहे आणि ते उद्यावर ठेवता येत नाही.

हेच तिच्या शिक्षणातले पहिले पाऊल. बाळाचे दोन-तीन मिलिलिटर रक्त असते, पेशी जिवंत असतात तोवर तपासायचे. रविवार असो की वर्धापनदिन. फ्लो सायटोमीटर नावाचे यंत्र असते. त्यात पेशी एकामागून एक रांगेने लेसरच्या उजेडासमोरून जातात. पेशींना आधी रंगीत खुणा चिकटवलेल्या असतात. गिरणीच्या गेटवर बिल्ला बघून कोण कुठल्या खात्याचा ते ओळखावे, तसे यंत्र मोजते: सीडी ३ चा बिल्ला म्हणजे टी पेशी, सीडी १९ चा म्हणजे बी पेशी. भाचीच्या मुलाच्या रक्तात बी पेशी होत्या, टी जवळजवळ नव्हत्या. पण यंत्र आकडा देते म्हणजे उत्तर देते असे नाही. रंग जास्त पडला, नमुना शिळा झाला, सीमारेषा चुकीच्या जागी ओढली, तरी आकडा येतोच. खोटा येतो. म्हणून प्रत्येक नमुन्याशेजारी निरोगी माणसाचा नमुना लावतात. किती वेळा हिनेच आपला दंड पुढे केला आहे, तिच्या आईला विचारा.

दुसरा एक आजार आहे, क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीज. त्यात पांढऱ्या पेशी जंतूला गिळतात पण मारू शकत नाहीत. गळवे होतात, लिव्हरमध्ये पू होतो, आणि पुष्कळदा टीबी समजून वर्षानुवर्षे गोळ्या चालतात. त्याच्या तपासात पेशींना चेतवले की निरोगी पेशी चमकतात. रोगी मुलाच्या चमकत नाहीत. आणि आईच्या? ती वाहक असेल तर पडद्यावर दोन टेकड्या उमटतात, काही पेशी चमकणाऱ्या, काही न चमकणाऱ्या. ती म्हणाली, काका, पहिल्यांदा त्या दोन टेकड्या पाहिल्या तेव्हा अंगावर काटा आला. आम्ही यंत्रे खूप पाहिली, पण यंत्राबद्दल असे बोलणारे माणूस थोडेच.

जीनचा तपास तर आणखी कठीण. पूर्वी एकेक जीन वाचत. आता एकाच वेळी हजारो वाचता येतात, पण प्रत्येक माणसात हजारो ठिकाणी फरक निघतात. त्यातला गुन्हेगार कोण? फरक परदेशी यादीत नसला म्हणजे तो रोगच असे नाही. आपल्याकडच्या लोकांत तो सर्रास असू शकतो. ह्या याद्या बहुतांशी युरोपातल्या लोकांवरून तयार झालेल्या. आपल्या देशातल्या दहा हजार लोकांच्या जीनोमची माहिती २०२५ च्या जानेवारीत संशोधकांना खुली झाली. आपल्या लोकांचा इतिहास जसा आपणच लिहावा लागला, तसेच हे. दुसऱ्याच्या वहीत आपण नसतो.

एक गंमत सांगतो, विषयाला सोडून नाही. आपल्या परळचे नाव वैद्यकाच्या पुस्तकांत ज्यामुळे गेले तो 'बॉम्बे रक्तगट' डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ साली प्रसिद्ध केला. त्याच १९५२ साली अमेरिकेत ब्रुटन नावाच्या लष्करी डॉक्टरांनी आठ वर्षांच्या एका मुलाची हकीकत छापली. त्या मुलाला पुन्हा पुन्हा न्यूमोनिया होई, आणि त्याच्या रक्तात गॅमा ग्लोब्युलिन नावाचे प्रथिनच नव्हते. ते बाहेरून टोचले तेव्हा पोर सुधारले. जन्मजात प्रतिकारशक्तीच्या आजारांचा अभ्यास इथून खरा उभा राहिला. मग चाळीस वर्षांनी, १९९२ साली, इस्रायलमध्ये पुन्हा पुन्हा आजारी पडणारी दोन मुले सापडली, आणि त्यांचा रक्तगट निघाला बॉम्बे! एकच साखर तांबड्या पेशींवरही नव्हती आणि पांढऱ्या पेशींवरही नव्हती. घाबरू नका, साध्या बॉम्बे रक्तगटाच्या माणसाला हा आजार नसतो, त्याला फक्त रक्त मिळायची पंचाईत. सांगायचे हे की रक्तगटाचे काम करणारा आणि जंतूंचे काम करणारा एकमेकांशी बोलत नसते तर हे कळलेच नसते. केईएमच्या आवारात तेराव्या मजल्यावर राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्था आहे, एनआयआयएच. १९५७ साली ती रक्तगटांचे केंद्र म्हणून सुरू झाली, आणि आज ह्या आजारांचे काम करते. आपण खालून केसपेपरच्या रांगेत आयुष्य काढतो, वरच्या मजल्यावर काय चालते ते ठाऊक नाही. आपली किती मुले त्या लिफ्टने वर गेली?

एका इस्पितळात अशी बाळे वर्षाला किती येणार? हाताच्या बोटांवर. अमेरिकेत सर्व नवजात बाळांच्या टाचेतल्या रक्ताच्या थेंबावरून स्किडची तपासणी होते. २००८ साली विस्कॉन्सिन राज्याने सुरुवात केली, २०१८ अखेर सगळी राज्ये आली. त्यात साधारण ५८,००० बाळांत एक निघाले. आपल्या देशात वर्षाला सव्वादोन कोटींच्या वर बाळे जन्मतात. तोच दर धरला तर चारशेच्या आसपास बाळे दरवर्षी. आपल्याकडे नात्यात लग्ने होतात, तेव्हा दर तोच असेल असे नाही, जास्तही असू शकेल. ही बाळे कुठे जातात? न्यूमोनियाच्या, जुलाबाच्या रजिस्टरात.

मूल एकेका ठिकाणी एक-दोन, म्हणून एकट्याने शिकून भागत नाही. अमेरिका आणि कॅनडातल्या इस्पितळांनी २००९ साली आपले जाळे उभारले. त्यांनी २४० स्किड बालकांच्या रोपणाचा हिशेब २०१४ साली मांडला. साडेतीन महिन्यांच्या आत रोपण झालेल्यांपैकी १०० तील ९४ मुले पाच वर्षांनी जिवंत होती. वय वाढलेले आणि अंगात जंतुसंसर्ग चालू असताना रोपण झालेली निम्मीच वाचली. औषध तेच, डॉक्टर तेच, फरक दिवसांचा. हे जाळे तरुण डॉक्टरांना आणि संशोधकांना शिकविण्याचेही काम करते. नवखा मुलगा आपली एक केस मांडतो, वीस ठिकाणची जाणती माणसे त्याला प्रश्न विचारतात. आपल्याकडे चंदीगडच्या पीजीआयमध्ये बालरोगात ह्या विषयाचा डीएम अभ्यासक्रम आहे. पण देश केवढा आणि जागा केवढ्या.

धीर किती लागतो तेही सांगितले पाहिजे. पॅरिसमध्ये १९९९ साली ह्याच एक्सवरच्या स्किडसाठी जीन बदलण्याचा उपचार सुरू झाला. मुले बरी होऊ लागली, जगभर आनंद झाला. काही वर्षांनी त्यातल्या काहींना रक्ताचा कर्करोग झाला, कारण नवा जीन नको त्या जागी जाऊन बसला. तेव्हा काम थांबविले, चूक शोधली, वाहक बदलला, पुन्हा उभे राहिले. नवशिक्याला पहिल्याच वर्षी हा धडा शिकवतात असे ती सांगते.

आता भाचीकडे येतो. तिचे बाळ वाचले नाही. जुळणारा दाता शोधेपर्यंत सातवा महिना लागला आणि ते गेले. परंतु त्या बारीक मुलीने त्याचे आणि भाचीचे रक्त जपून ठेवले होते. जीनमधली चूक नेमकी कुठे ते सापडले. भाची वाहक निघाली, तिची थोरली बहीण नाही निघाली. २०१६ साली भाची पुन्हा गरोदर राहिली तेव्हा तिसरा महिना पुरा होण्याआधी वारेचा छोटासा अंश काढून तपासला. मुलाला चूक आलेली नव्हती. ते पोर आज चौथीत आहे, आणि आत्ता मागे जो दंगा चालला आहे त्यात त्याचाही आवाज आहे.

पण मधली एक गोष्ट राहिली. भाची वाहक आहे हे कळले त्या दिवशी तिची सासू म्हणाली, "बघा, आम्ही म्हणत होतो, हिच्याकडूनच आलं." म्हणजे देवऋषी जे म्हणत होता तेच आता कागदावर छापून आले की काय! ती संशोधक मुलगी तेव्हा तिथे होती. तिने खुर्ची ओढली आणि सासूसमोर बसली. म्हणाली, आजी, प्रत्येक माणसाच्या अंगात अशा काही चुका असतातच, माझ्यातही आहेत, तुमच्यातही आहेत. हिची नेमकी सापडली, तुमची कुणी शोधली नाही. ही चूक हिने केलेली नाही, तिला ती मिळाली. कधी कधी तर ती आईतही नसते, बाळात नव्यानेच घडते. तासभर बोलली. असे बोलणे कुठल्या यंत्रावर शिकवतात? शिकवावे लागते. नुसता रिपोर्ट हातात देऊन पाठवले असते तर भाची माहेरी परत आली असती.

भगिनींनो, इथे एक काळजीची गोष्ट. बीसीजी आणि तोंडातून द्यायचा पोलिओचा डोस ह्यांत जिवंत, पण दुबळे केलेले जंतू असतात. कोट्यवधी मुलांना ते वाचवतात. आपला देश २०१४ साली पोलिओमुक्त ठरला तो त्या थेंबांवर. म्हणून आमचे भाषण ऐकून लस चुकवाल तर तो आमच्या बोलण्याचा विपर्यास होईल. फक्त ज्या घरात एखादे तान्हे मूल असे आजारी पडून गेलेले आहे, त्या घरात पुढच्या बाळाच्या जन्माआधीच डॉक्टरांना सांगायचे. ते बाळ तपासेपर्यंत ह्या दोन लसी थांबवायच्या की नाही ते त्यांनी ठरवायचे, आपण नाही. आणि वारंवार न्यूमोनिया, न जाणारे तोंड, खोल गळवे, वजन न वाढणे, असे दिसले तर आपण होऊन सांगा: आमच्या घरात आधी असे झाले आहे. मामाच्या मुलीशी लग्न लावण्याची रीत आपल्यात अजून आहे. दोघांकडे एकाच आजोबांकडून एकच चूक आलेली असेल, तर अशा दुसऱ्या प्रकारच्या आजारांत मुलगा असो की मुलगी, चारात एकाला धोका. नाते जोडताना हेही बघा, पत्रिका बघू नका म्हणतोच आहोत.

पैशाचे बोलू, कारण त्याशिवाय पालकांची मान हलत नाही. गल्लीतल्या मुलीचे वडील आमचे मित्र, सुताच्या खात्यातले. ते म्हणायचे, अजून किती शिकणार? बँकेची परीक्षा दे, क्लार्क हो. त्यांचेही चूक नाही. घरात पगार येत नव्हता. नेट पास होऊन जेआरएफ मिळाली की महिन्याला ३७,००० रुपये मिळतात, २०२३ च्या जानेवारीपासून हा दर लागू झाला. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती आहे, बार्टीचीही आहे. पण कागदावर मिळणे आणि खात्यात जमा होणे ह्यांत महिनोन्‌महिने जातात हे ज्यांच्या घरात संशोधक आहे ते जाणतात. एका वर्षी तिची रक्कम सात महिने अडकली. तेव्हा ती संध्याकाळी शिकवण्या घेई आणि सकाळी रक्ताचे नमुने. त्याच सात महिन्यांत काम सोडावे असे तिच्या मनात आले होते. तिने हे वडिलांना सांगितले नाही, आम्हाला सांगितले. आम्ही काही मोठे केले नाही. वाचनालयाच्या शिलकीतून आणि चार गिरणीवाल्यांच्या खिशातून तिचा जाण्यायेण्याचा पास आणि जेवण निघाले, नंतर तिने एक एक रुपया परत केला. घेणार नव्हतो, पण ती म्हणाली, पुढच्याला लागेल. ती रक्कम अजून तशीच पडून आहे. यंदा विज्ञान शाखेत गेलेली तीन मुले आहेत. अर्ज साध्या कागदावर, आमच्याकडे.

ज्यांना पीएचडीपर्यंत जायचे नाही त्यांनी लॅब टेक्निशियन व्हावे. त्या दोन ठिकाणी लिम्फोसाइटचा आकडा छापणारा माणूस टेक्निशियनच होता. त्याने फोन उचलून "डॉक्टर, हे बाळ आठ महिन्यांच्या आतले आहे, आकडा कमी वाटतो" एवढे म्हटले असते तर?

सरकारी मदतीचे थोडक्यात. २०२१ च्या दुर्मीळ आजार धोरणात स्किड आणि मघाशी सांगितलेला क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस हे दोन्ही रोपणाने बऱ्या होणाऱ्या गटात आहेत. २०२२ साली मदतीची मर्यादा ५० लाखांपर्यंत नेली, आणि आपले केईएम त्यातल्या नेमलेल्या केंद्रांपैकी एक आहे. आपले दरवर्षीचे रक्तदान शिबीरही ह्या कामाशी जोडलेले आहे. ब्रुटनच्या आजारातल्या मुलांना दर तीन-चार आठवड्यांनी इम्युनोग्लोब्युलिन द्यावे लागते, आयुष्यभर. ते कारखान्यात नुसत्या रसायनांतून बनत नाही, हजारो रक्तदात्यांच्या प्लाझ्मातून काढतात.

शेवटचे काम. त्या बारीक मुलीने आक्काच्या घराचा जो कागद काढला, तसा आपल्या प्रत्येक घराचा निघावा, अशी गल्लीतल्या मुलीची कल्पना आहे. बाहेर चपलांच्या कप्प्याशेजारी टेबलावर दोनशे पानी वह्या ठेवल्या आहेत. एका घराला एक पान. चौकोन मुलगा, गोल मुलगी, वारलेल्यावर तिरकी रेघ, शेजारी वय आणि काय झाले होते ते. पान तुमच्याच घरी राहील, विहारात जमा करायचे नाही. दवाखान्यात जाताना फाईलला लावा. लिहिताना घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईला जवळ बसवा, आणि मुले किती हे विचारू नका, बाळंतपणे किती ते विचारा. आक्का आज त्या टेबलावर बसली आहे. ज्यांना चौकोन काढता येत नाहीत त्यांना ती काढून देईल.

जयभीम.